उडालो पन्नास मिनिटं, बिल साडेतीन तासांचं

जालन्यात 22 वर्षं ऑफसेट प्रेस चालवतोय, पण कॅलेंडरच्या एका पानापायी हेलिकॉप्टरात बसायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. आमचे एक बियाणेवाले शेठ आहेत. पैठणकडचे त्यांचे सीड प्लॉट आणि मागं भरलेला नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचं पाणी, दोन्ही एकाच फोटोत पाहिजेत म्हणून हटून बसले.

ड्रोन आधी उडवून पाहिला होता. वेगळ्या परवानगीशिवाय तो 400 फुटांच्या वर नेता येत नाही, आणि तिथून पाणी म्हणजे मागं एक रुपेरी रेघ. शिवाय त्याचा 20 मेगापिक्सेलचा फोटो 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके, चांगल्या छपाईला एवढे लागतात) जेमतेम 18 इंच रुंद, आमचं पान 27 इंची. ओढूनताणून छापला तर कपाशीचा नुसता चिखल होतो. म्हणून पुण्याची पार्टी बोलावली. हेलिकॉप्टर, पायलट, फोटोग्राफर सगळं त्यांचंच. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएची परवानगीही त्यांनीच काढली, त्यात आपल्याला काही धावपळ नाही.

सप्टेंबरअखेर, सकाळी सात, चिकलठाणा विमानतळ. पावसानं हवा धुतलेली असते म्हणून हा महिना त्यांनीच सुचवला, सल्ला बरोबर निघाला. पायलट उजवीकडं बसतो, फोटोग्राफर त्याच्या मागं, त्या बाजूचं दार काढलेलं. म्हणजे दोघांना एकच दिसतं आणि 'थोडं वळव' एवढं बोलून भागतं. बसायच्या आधी त्यानं माझी टोपी, खिशातला पेन, सुटे पैसे, सगळं काढून घेतलं. स्वतःच्या लेन्सचं हूडसुद्धा काढलं. वाऱ्यानं उडालं तर मागच्या पंख्यात जायचं. पट्ट्यांनी बांधून घेतलेला तो गडी पन्नास मिनिटं कोपर कशालाच न टेकवता बसला होता. मी मोबाईल खिडकीला टेकवून काढलेले फोटो सगळे थरथरलेले. शटर दोन हजारांश सेकंदाचं असलं तरी टेकायचं नाही, हे त्यानं खाली उतरल्यावर सांगितलं. आधी सांगायचं की राव!

उजवीकडं लांबवर देवगिरी दिसला. मग जायकवाडीची दहा किलोमीटरची भिंत, 27 दरवाजे. मी म्हटलं, पाण्यावरून जरा खाली घ्या. पायलटनं सरळ नकार दिला: पक्षी अभयारण्य आहे, थवा उठला तर पक्षीही मरतील आणि आपणही. पायलटला माझ्याकडून पाचपैकी पाच.

आता तक्रार. पहिल्या दिवशी ढग खाली होते, वीस मिनिटांत परत फिरलो. ती वीस मिनिटं बिलात. पुण्याहून येणं-जाणं, एका बाजूला सव्वा तासाच्या आसपास, तेही बिलात. रोटर फिरला की मीटर सुरू. धंदा म्हणून हे चूक नाही, पण फोनवर नुसता तासाचा भाव सांगितला, येण्याजाण्याचं चकार शब्दानं नाही. तुम्ही बोलावणार असाल तर हे आधी कागदावर घ्या.

दुसरं, फाईली. आल्या त्या नुसत्या जेपेग, आणि हिरवा इतका चढवलेला की सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, घेतला तर शेवाळ. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाईली, मागितल्या तर 'तसं देत नाही'. आठ दिवस भांडलो, तेव्हा मिळाल्या. छापणाऱ्याला काय लागतं हे असा धंदा करणाऱ्यानं विचारायला पाहिजे.

फोटो मात्र ड्रोनच्या बापाला जमणार नाही असा. वरून लांब लेन्स लावल्यानं पाणी उचलून प्लॉटच्या मागं आणून ठेवल्यासारखं दिसतं, संकरित बियाण्यासाठी लावलेल्या नर-मादीच्या ओळी वेगवेगळ्या मोजता येतात.

प्रूफ घेऊन गेलो. शेठनं चष्मा कपाळावर सारला, नाक कागदाला टेकवलं आणि म्हणाले, "ह्या लिंबाखाली आपला बोअर हाये, तो काऊन दिसंना?"

बिल अजून त्यांच्या टेबलावरच आहे.