दुसऱ्याची चासी की आपलीच? अनेक गाड्यांतून एक ऑफ-रोड पिकअप बांधताना

दोन-तीन गाड्यांचे भाग जमवून आडवाटेला चालणारी पिकअप बांधायची म्हटलं की बोलणं लगेच इंजिनावर जातं. कोणतं घालायचं, किती ताकदीचं, डिझेल की पेट्रोल. माझं आग्रहाचं सांगणं आहे की इंजिनाचा विषय थोडे दिवस बाजूला ठेवा आणि आधी चासीचं, म्हणजे सगळं ज्यावर बसतं त्या लोखंडी सांगाड्याचं, नक्की करा. चासी ठरली की दोन वेगळ्या गाड्या कुठे कुठे एकमेकींना जोडाव्या लागणार हे ठरतं, आणि अशा गाडीत जे बिघडतं ते बहुतेक वेळा त्या सांध्यांवरच बिघडतं. एक्सल, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं धरणारा आडवा आस, आपल्या मूळ गाडीखाली वर्षानुवर्षं चालून आलेला असतो, गिअरबॉक्सही तसाच. त्यांना धरणारा ब्रॅकेट मात्र तुम्ही गेल्या आठवड्यात बनवलेला असतो.

मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला, इंजिनापासून ब्रेकपर्यंत सगळं जागेवर असलेली चालती चासी एका गाडीची घ्यायची आणि तिच्यावर दुसऱ्या गाडीची केबिन व हौदा बसवायचा. दुसरा, आपली पिकअप ठेवून तिच्याखाली दुसरीकडचे एक्सल आणि तिच्यात दुसरीकडचं इंजिन घालायचं. तिसरा, पाइप वापरून चासीच नवी बांधायची.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. सपाट टेबल, भाग जागच्या जागी धरणारा पक्का जिग आणि ताणाखाली न तडकणारं वेल्डिंग करणारा हात, हे तिन्ही असेल आणि गाडी फक्त बंद मैदानात चालवायची असेल, तरच तो मार्ग घ्या. रस्त्यावर गाडीची ओळख चासी नंबरावरून पटते, आणि नव्या चासीला तो मिळवणं हे वेगळंच काम होऊन बसतं. पहिली गाडी बांधणाऱ्याने या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

चालती चासी, परकी केबिन

या मार्गाचं सर्वांत मोठं बळ दिसत नाही, पण गाडी चालवताना जाणवतं. स्टीअरिंगची भूमिती, पुढच्या-मागच्या ब्रेकचं वाटप, एक्सलला फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे कोन, हे सगळं कारखान्यात ज्यांनी जुळवलं त्यांच्याच हातचं राहतं. तुमच्या वाट्याला केबिनचे माउंट, स्टीअरिंगचा दांडा, पेडल, रेडिएटरची जागा आणि वायरिंग एवढंच येतं. हे कामही वेळखाऊ आहे, पण यातली बहुतेक चूक गाडी उभी असतानाच दिसते. त्याला अपवाद एकच, स्टीअरिंगचा दांडा. तो कापून नुसता टोकाला टोक लावून वेल्ड करू नका. दाते असलेला जॉइंट किंवा आत सरकणारा तयार दांडा वापरा.

अडचण येते ती व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची. टोयोटा लँड क्रूझर ८० मालिकेचं उदाहरण घ्या. पुढे-मागे सॉलिड (एकसंध) एक्सल, चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग, व्हीलबेस २८५० मिमी. पाया म्हणून ही चासी उत्तम आहे. पण लँड क्रूझरच्याच ७९ मालिकेच्या पिकअपचा व्हीलबेस ३१८० मिमी आहे. त्या मापाची केबिन आणि लांब हौदा ८०च्या चासीवर ठेवला, तर मागचं चाक हौद्याच्या कमानीत बसत नाही आणि हौदा एक्सलच्या फार मागे लोंबतो. निसान पॅट्रोल वाय६० लांब चासीत २९७० मिमीची येते, म्हणजे ती जरा जवळ जाते.

मग चासी लांबवावी का? माझं उत्तर आहे की हौदा आखूड करा. चासी कापून जोडता येते, पण जोड तिरका घ्यावा लागतो, आतून पट्टी द्यावी लागते, आणि वरच्या-खालच्या कडेवर आडवं वेल्डिंग टाळावं लागतं, कारण वाकण्याचा ताण सर्वांत जास्त त्याच कडांवर असतो. शिवाय लांबीची किंमत चढाच्या माथ्यावर मोजावी लागते. साधा हिशेब बघा. गाडीच्या मध्यभागी जमिनीपासून २५० मिमी अंतर असेल, तर २८५० मिमी व्हीलबेसला पोट न टेकता ओलांडता येणाऱ्या उंचवट्याचा कोन साधारण २० अंश येतो, ३१८०ला तो १८च्या आत. गेलेले दोन अंश परत मिळवायला गाडी जवळजवळ ३० मिमी आणखी उचलावी लागते, आणि उचललेली प्रत्येक गाडी उतारावर जास्त कलते.

आपली चासी, परके एक्सल

बहुतेकांचं मन या मार्गावर जडतं, कारण हातात आधीच एक पिकअप असते आणि तिचा पुढचा एक्सल तेवढा कमकुवत वाटत असतो. याचं जुनं आणि खात्रीचं उदाहरण टोयोटा पिकअपचं आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोर-बाय-फोर गाडीला १९८६च्या मॉडेलपासून पुढे प्रत्येक चाक वेगळं हलणारं इंडिपेंडंट सस्पेन्शन आलं. म्हणून १९७९ ते १९८५ या काळातल्या गाड्यांखालचा सॉलिड एक्सल काढून नव्या गाडीखाली घालण्याचं काम इतकं रूढ झालं की त्यासाठी तयार ब्रॅकेट मिळू लागले. असं मळलेल्या वाटेचं काम असेल तर दुसरा मार्ग पहिल्याइतकाच भरवशाचा. वाट नवी असेल, तर पुढचं सगळं वाचून मगच ग्राइंडर हातात घ्या.

सर्वांत आधी बाजू बघा. ट्रान्सफर केसमधून, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या एक्सलना वाटणाऱ्या पेटीतून, पुढे जाणारा शाफ्ट डावीकडून निघतो की उजवीकडून, आणि पुढच्या एक्सलचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) कोणत्या बाजूला आहे? दोन्ही एकाच बाजूला हवेत. एक्सल उलटा करून बाजू बदलण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. चाकं उलट फिरायला लागतात आणि तेल जिथे पोचायला हवं तिथे पोचत नाही.

मग रेशो, म्हणजे शाफ्टच्या किती फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते तो आकडा. पुढचा ४.१० आणि मागचा ४.११ असेल तर कच्च्या रस्त्यावर चालून जातं. पुढचा ४.१० आणि मागचा ३.५४ असेल तर फोर-व्हील लावताच दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात आणि शेवटी सगळ्यात कच्चा भाग तुटतो. टायर मोठे केले की हिशेब पुन्हा मांडायचा. २८ इंचाचे काढून ३५चे घातले तर टायर २५ टक्क्यांनी मोठे झाले, आणि ४.१०चा एक्सल ३.२८ असल्यासारखा वागू लागला. मूळ ओढ परत हवी तर ५.१३च्या आसपासचा रेशो लागतो. टोयोटाच्या आठ इंची डिफरन्शियलला ४.८८ आणि ५.२९ मिळतात, त्यामुळे तिथे मार्ग निघतो. ज्या एक्सलला दुसरा रेशोच मिळत नाही, तो कितीही मजबूत असला तरी घेऊ नये.

चाकांचे बोल्टही दोन्हीकडे सारखेच हवेत. टोयोटा आणि पॅट्रोलच्या बऱ्याच गाड्यांत ६ बोल्ट १३९.७ मिमीच्या वर्तुळावर येतात, जुन्या लँड रोव्हर आणि डिफेंडरला ५ बोल्ट १६५.१वर. पुढे एक आणि मागे दुसरं ठेवलं तर एक स्टेपनी पुरत नाही, आणि ही गोष्ट तुम्हाला नेमकी कुठेतरी दूर, चिखलात कळते. एक्सल जोडीनेच घ्या असं मी म्हणतो ते एवढ्यासाठीच. एकाच गाडीचे पुढचा-मागचा दोन्ही घेतले की बोल्ट, रेशो आणि ब्रेकचं वाटप हे तीन प्रश्न एकदम सुटतात.

सगळ्यात फसवी गोष्ट एक्सलच्या झुकावाची. प्रोपेलर शाफ्टचा कोन कमी करायला आपण पुढच्या एक्सलचं नाक वर उचलतो. तसं केलं की त्याच वळशात कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो, कारण दोन्ही एकाच लोखंडात पक्के आहेत. कॅस्टर गेला की स्टीअरिंग सरळ परतत नाही आणि वेगात चाकं थरथरायला लागतात. एक जुळवावा तर दुसरा सुटतो. दोन्ही हवे असतील तर एक्सलच्या टोकाला चाकाचा वळणारा सांधा धरणाऱ्या नकलचं (knuckle) वेल्डिंग कापून तो फिरवावा लागतो, आणि ते जाड ओतीव पोलादावरचं, आधी गरम करून करायचं काम आहे.

मी स्वतः अडकलो ते स्टीअरिंगच्या दांड्यांमध्ये. कॉइलवर बसवलेल्या पुढच्या एक्सलला बाजूने धरणारा पॅनहार्ड रॉड आणि स्टीअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा ड्रॅग लिंक, हे दोन्ही लांबीने सारखे आणि एकमेकांना समांतर हवेत. मी बनवलेला चासीकडचा ब्रॅकेट उंच गेला होता. सपाट रस्त्यावर काही कळलं नाही. पहिल्या खड्ड्यात पुढचा भाग दबला आणि मी स्टीअरिंग घट्ट धरलेलं असतानाही गाडी डावीकडे गेली. परत आल्यावर दोन्ही कॉइल काढल्या, चासी स्टँडवर ठेवली, स्टीअरिंग दोरीने बांधून टाकलं आणि एक्सल जॅकवर घेतला. हबला (चाक जिथे बसतं तिथे) एक सरळ पट्टी बांधून तिच्या टोकाखाली फरशीवर खडूने रेघ मारली. जॅक १०० मिमी वर घेतला तर पट्टीचं टोक रेघेपासून १४ मिमी सरकलं होतं. ब्रॅकेट ६० मिमी खाली आणल्यावर तेच टोक रेघेवरून जेमतेम दोन मिमी हललं. ही तपासणी कॉइल घालण्याआधी केली असती तर अर्धा दिवस लागला असता. नंतर केली म्हणून रंगवलेला ब्रॅकेट कापावा लागला.

पाटे की कॉइल

दुसरा मार्ग घेणार असाल तर पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. पाटा वजनही पेलतो आणि एक्सललाही जागेवर धरतो, त्यामुळे जोडायच्या जागा कमी होतात. कॉइल फक्त वजन पेलते. बाकीचं काम दांड्यांनी करायचं, म्हणजे प्रत्येक दांड्यामागे दोन ब्रॅकेट आणि प्रत्येक ब्रॅकेटमागे चुकण्याची एक जागा. कॉइलची चाल सुरेख असते, चाक खड्ड्यात खोलवर पोचतं, हे मला मनापासून मान्य आहे. पण मग ती चासीसकट घ्या, म्हणजे पहिला मार्ग. मागे तर पिकअपला पाटेच शोभतात. रिकामा हौदा आणि भरलेला हौदा यांतला फरक ते जास्त सहज सोसतात.

मागचा एक्सल निवडताना फुल-फ्लोटिंग मिळाला तर तोच घ्या. त्यात गाडीचं वजन हब पेलतो आणि शाफ्ट फक्त फिरवण्याचं काम करतो, म्हणून शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. सेमी-फ्लोटिंगमध्ये शाफ्ट बाहेरच्या बाजूला तुटला तर चाकच निघून जाऊ शकतं.

आता इंजिन

दोन टोकं घेऊ. एकीकडे यांत्रिक पंपाचं डिझेल, उदाहरणार्थ ५.९ लिटरचं कमिन्स ६बीटी किंवा टोयोटाचं ४.२ लिटरचं १एचझेड. दुसरीकडे संगणकावर चालणारं ॲल्युमिनियमचं पेट्रोल व्ही-आठ, जसं जनरल मोटर्सचं १९९७ साली आलेलं ५.७ लिटरचं एलएस१. डिझेलला सुरू राहायला जवळजवळ काहीच वायरिंग लागत नाही, बंद करणाऱ्या सोलेनॉइडची तार पुरते. पाण्यातून जाताना हे मोठं सुख आहे. पण ६बीटी एकटंच साधारण ५०० किलो भरतं, एलएस१ त्याच्या निम्म्याहून कमी. एवढं वजन पुढच्या एक्सलवर आलं की पाटे, ब्रेक, स्टीअरिंग बॉक्स सगळं बदलावं लागतं, आणि मऊ वाळूत नाक आधी रुततं. हलक्या पिकअपसाठी ६बीटी मी घेणार नाही. व्ही-आठ हलकं आहे, पण त्याच्यासोबत चोरी रोखणारा इमोबिलायझर, ॲक्सिलरेटर, सेन्सर आणि वेगाचा सिग्नल यांची साखळी येते. ती अर्धवट उचलली की महिनोन्महिने एका तारेचा शोध चालू राहतो.

कोणतंही घेतलं तरी इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, कंट्रोल युनिट आणि वायरिंग एकाच गाडीतून, एका गाठोड्यात घ्या. वेगळा गिअरबॉक्स जोडायला ॲडाप्टर प्लेट लागते, आणि तिच्यात क्रँक व गिअरबॉक्स यांचं केंद्र एका रेषेत यावं लागतं. बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या आवरणाच्या) छिद्राला मापाचा डायल लावून फिरवलं तर फरक साधारण ०.१३ मिमीच्या आत हवा. नजरेने हे जुळत नाही. जुळलं नाही तर क्लच आणि पुढचं बेअरिंग लवकर जातं, आणि लोक दोष क्लच प्लेटला देतात.

ब्रेक

पहिल्या मार्गात ब्रेकला हात लावायची वेळ सहसा येत नाही. दुसऱ्यात पेडलचा जोर ब्रेक ऑइलवर देणारा मास्टर सिलिंडर आपल्या गाडीचा आणि चाकाकडची डिस्क आवळणारे कॅलिपर परक्या एक्सलचे असतात. मोठा सिलिंडर म्हणजे जास्त ब्रेक, असा गैरसमज आहे. २२.२ मिमीच्या जागी २५.४चा घातला तर पायाचा जोर तोच राहून पाइपातला दाब सुमारे २४ टक्क्यांनी घटतो. पेडल कडक लागतं, म्हणून भरवसा वाटतो, पण गाडी थांबत नाही. उलट फार लहान घातला तर कॅलिपर भरायच्या आधीच पेडल तळाला टेकतं. एक्सल ज्या गाडीचे, मास्टर सिलिंडरही त्याच गाडीचा, इथून सुरुवात करा आणि रिकाम्या हौद्यानिशी मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होतात का ते ओल्या, मोकळ्या जागेत तपासा.

मग कुणी काय घ्यावं

हातात पिकअप नाही, किंवा आहे ती चासीला गंजलेली आहे, आणि गाडी रस्त्यानेही लांब न्यायची आहे, तर पहिला मार्ग घ्या. हौदा चासीच्या मापाने बनवा. तुमची पिकअप धडधाकट आहे, तिला लागणारे एक्सल दुसऱ्यांनी अनेकदा बसवलेले आहेत आणि मूळ इंजिन तुम्हाला पुरतंय, तर दुसरा. त्यातही एका वेळी एकच बदल करा. एक्सल बसवून गाडी काही महिने चालवा, मग इंजिनाकडे वळा. दोन्ही एकदम केलं तर आवाज कुठून येतोय हेच कळत नाही. एक्सलही बदलायचे, इंजिनही आणि गिअरबॉक्स तिसरीकडचा, असं मनात असेल तर ते पैसे एका चांगल्या चालत्या चासीत घाला. आणि काही विकत घेण्याआधी, चासी बदललेल्या गाडीची नोंदणी तुमच्याकडे होते का, ते नोंदणी कार्यालयात विचारून या.

चासी बघायला जाताना ओळंबा, खडू आणि लांब टेप घेऊन जा. गाडी सपाट जागी उभी करा. चासीवरच्या समोरासमोरच्या चार छिद्रांतून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा, मग गाडी बाजूला ढकला आणि त्या चार खुणांचे दोन्ही कर्ण मोजा. फरक पाच-सहा मिलिमीटरच्या वर गेला तर रंग कितीही नवा असो, ती चासी कधीतरी जोरात आपटलेली आहे. ती तिथेच सोडून या.