फिक्सीचे सुटे भाग: पावसाळ्याच्या तोंडापासून उन्हाळ्यापर्यंत वापरल्यानंतर

फिक्सीसाठी, म्हणजे फिक्स्ड गिअरच्या सायकलसाठी, कुठलाही भाग मागायला गेलं की दुकानात एक उत्तर ठरलेलं असतं: "बसेल हो." बहुतेक वेळा तो बसतोही. साध्या सायकलला तेवढं पुरतं. फिक्स्ड गिअरमध्ये मात्र मागचा कॉग (चेन ज्यावर चालते ते दातेरी चाक) हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, पक्का असतो. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच, आणि वेग कमी करताना पायांचा उलटा जोर त्याच कॉगवर आणि त्याच चेनवर येतो. नुसता बसलेला भाग तिथे दगा देतो. म्हणून हा अनुभव ब्रँडपेक्षा मापांबद्दल जास्त आहे.

माझी सायकल म्हणजे जुनी स्टीलची ट्रॅक फ्रेम. मागच्या चिमट्यात जागा १२० मिमी, बॉटम ब्रॅकेटचा (क्रँकचा दांडा ज्यात फिरतो तो भाग, थोडक्यात बीबी) शेल ६८ मिमी आणि इंग्लिश आट्यांचा, चाकं ७००सी मापाची, टायर २८ मिमीचे. रोज कोथरूड ते बाणेर, मध्ये चांदणी चौकाचा चढ आणि पलीकडचा उतार. रविवारी जमेल तसं सिंहगडाच्या पायथ्याला डोणज्यापर्यंत. पावसाळ्याच्या तोंडावर मागचा हब, कॉग, लॉकरिंग (कॉग सुटू न देणारी रिंग), चेन, क्रँक (पॅडल ज्याला लागतं तो हात) आणि बीबी एवढं सगळं नवीन घातलं. मध्ये बदललेली चेन आणि हबचे बेअरिंग सोडले तर तेव्हापासून सायकल याच भागांवर चालते आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला लॉकरिंगवर, आणि तो जायलाच हवा होता. फिक्स्ड हबवर आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. आतल्या मोठ्या पायरीवर कॉग येतो, त्याचे आटे नेहमीचे सुलटे. बाहेरच्या लहान पायरीवर लॉकरिंग, तिचे आटे उलटे. पुढे पॅडल मारलं की कॉग आवळत जातो. पायाने रोखलं की तो सुटायला बघतो. पण सुटताना लॉकरिंगला बरोबर फिरवायला गेला की उलट्या आट्यांमुळे ती आणखी घट्ट होते. इतकी साधी आणि इतकी सुंदर रचना आहे ही. मात्र ती चालते ती दोन्ही आटे पूर्ण धरत असतील तरच.

कॉगचे आटे आज जवळपास सगळीकडे १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४ असेच मिळतात. गोंधळ लॉकरिंगमध्ये आहे. शिमानो आणि बहुतेक तैवानी हबना १.२९ इंची लागते, कँपॅग्नोलोच्या मापाच्या हबना १.३२ इंची. फरक उणापुरा पाऊण मिलिमीटर. मी ऑनलाइन मागवलेल्या लॉकरिंगच्या पाकिटावर नुसतं 'स्टँडर्ड' लिहिलं होतं. हबवर ती फिरत होती, शेवटपर्यंत जातही होती. पण दोन बोटांत धरून हलवली की डगडगायची, आणि व्हर्निअर लावल्यावर कळलं की आलेली रिंग १.३२ची आहे. अशी रिंग आवळली तर आटे जेमतेम टोकाला धरतात आणि उतारावर पहिल्या जोराच्या रोखण्यात सोलून निघतात. मग रिंगबरोबर हबही जातो. ती परत केली आणि १.२९ची स्टीलची घेतली. अ‍ॅल्युमिनियमची घेऊ नका. वाचतात चार ग्रॅम आणि पणाला लागतं मागचं चाक.

बसवताना आट्यांना ग्रीस, कॉग चेन-व्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या पान्याने) जोर लावून घट्ट, मग लॉकरिंग हूक पान्याने. त्यानंतर एखादा चढ चढून यायचं. चढावर कॉग आणखी थोडा आत जातो आणि रिंग किंचित सैल पडते, म्हणून घरी आल्यावर ती पुन्हा आवळायची. एवढं केल्यावर माझी रिंग आजपर्यंत हललेली नाही. कॉग आणि रिंग दोन्हींवर मार्करने एक आडवी रेघ मारून ठेवली आहे; निघताना नजर टाकली की पुरतं.

चेनचं गणित त्या मानाने सोपं. रुंदी दोन प्रकारची, १/८ इंच आणि ३/३२ इंच. रुंद चेन अरुंद दात्यांवर चालते, अरुंद चेन रुंद दात्यांवर चढतच नाही. मी पुढे-मागे सगळं १/८ ठेवलं, कारण उद्या प्रवासात चेन तुटली तर कुठल्याही गावात साध्या काळ्या सायकलची चेन मिळते आणि तीही याच रुंदीची असते. रोजच्यासाठी केएमसीची झेड४१० वापरतो. महाग नाही, आणि तक्रार करण्यासारखं आजवर काही घडलेलं नाही.

आता चेनलाइन. मला विचाराल तर फिक्सीचं अर्धं सुख इथेच आहे. पुढची दातेरी चकती आणि मागचा कॉग एकाच सरळ रेषेत हवेत. ट्रॅक हबवर कॉगचा मध्य फ्रेमच्या मध्यापासून साधारण ४२ मिमीवर येतो, तेव्हा पुढेही ४२ मिळवायचे. मोजायला विशेष काही लागत नाही. सीट ट्यूबच्या बाहेरच्या कडेपासून दात्याच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या आणि त्यात ट्यूबचा अर्धा व्यास मिळवा. माझी ट्यूब २८.६ मिमीची, म्हणजे १४.३ मिळवायचे.

हे ४२ मिळतात की नाही ते बीबीच्या दांड्याची लांबी ठरवते, आणि लांबीच्या आधी त्याचा निमुळतेपणा. चौकोनी टोकाच्या दांड्यांत जपानी जेआयएस आणि आयएसओ अशी दोन मापं आहेत. उतार दोन्हींचा सारखाच, पण आयएसओचं टोक बारीक. त्यामुळे आयएसओचा क्रँक जेआयएस दांड्यावर घातला तर चारएक मिलिमीटर बाहेरच राहतो. जेआयएसचा क्रँक आयएसओवर घातला तर प्रमाणाबाहेर आत जातो. एकाच कंपनीचा माल घेतला म्हणूनही सुटका नाही. सुगिनोचा आरडी२ क्रँक १०३ मिमीचा जेआयएस दांडा मागतो आणि त्याच्या चकतीच्या बोल्टांचं वर्तुळ १३० मिमीचं आहे. सुगिनोच्याच ७५ला १०९ मिमीचा आयएसओ दांडा आणि १४४ मिमीचं वर्तुळ. दोन्ही चांगले, पण एकाची चकती किंवा बीबी दुसऱ्याला लावता येत नाही.

मी आरडी२ घेतला, १६५ मिमी लांबीचा. मामेभाऊ जपानहून येत होता, त्याच्याबरोबर मागवला. लांबी मुद्दाम कमी घेतली, कारण वळणावर आपण पॅडल थांबवू शकत नाही आणि लांब क्रँकचं पॅडल रस्त्याला टेकलं तर मागचं चाक उचललं जातं. ज्या मेकॅनिक काकांकडून बीबी बसवून घेतला त्यांनी आधी शेलचे आटे साफ केले, मग उजवा कप उलट्या आट्यांचा असल्याची खूण खडूने फ्रेमवर करून ठेवली. शिकण्यासारखी सवय आहे. चेनलाइन मोजली तर जवळजवळ ४२. चाक उचलून पॅडल फिरवलं तर चेनचा आवाजच नाही. जुन्या बीबीवर जी बारीक करकर सतत यायची ती गेली, आणि चकतीच्या दात्यांच्या एकाच बाजूला जी झीज दिसायची ती या महिन्यांत दिसलेली नाही.

जपानी केरिन सायकल शर्यतींच्या एनजेएस शिक्क्याचं बऱ्याच जणांना आकर्षण असतं. १९४८ साली कोकुरा इथे सुरू झालेल्या या शर्यतींवर पैजा लागतात, म्हणून तिथे फक्त मान्यता मिळालेलेच भाग चालतात. शिक्का असलेल्या भागांची घडण अप्रतिम असते हे मान्य. पण पुण्याच्या खड्ड्यांत आणि चिखलात त्या शिक्क्याचा वेगळा उपयोग मला दिसला नाही. तोच पैसा मी हबच्या बेअरिंगवर घालीन. माझ्या हबला ६००१ नंबरचे बंद बेअरिंग लागतात आणि ते कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात. पावसाळ्यानंतर दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले नवे टाकले. चाक पुन्हा पाण्यासारखं फिरायला लागलं.

गिअर पुढे ४६, मागे १७. २८च्या टायरवर पॅडलच्या एका फेऱ्यात साधारण ५.८ मीटर अंतर जातं. ताशी २५ किलोमीटरला पाय मिनिटाला बहात्तरेक फेरे मारतात, उतारावर ४०ला गेलात तर एकशे पंधरा. त्यापुढे माझे पाय लटलटतात, म्हणून तिथे पुढचा ब्रेक. १६ सोडून १७ घेण्याचं आणखी एक कारण टायर. मागचं चाक अडवून घसरवताना टायर ठरावीक जागीच घासतो. त्या जागा किती, ते दात्यांचा अपूर्णांक संक्षिप्त केल्यावर छेदात जो आकडा उरतो त्यावरून कळतं. ४६/१७ संक्षिप्त होतच नाही, म्हणजे १७ जागा. ४६/१६चं होतं २३/८, म्हणजे एकच पाय पुढे ठेवून घसरवणाऱ्याला फक्त ८. आणि ४८/१६ घेतलात तर एकच जागा! तो टायर फार दिवस टिकत नाही.

चेनची झीज पट्टीने मोजतो. नव्या चेनचे २४ दुवे ३०४.८ मिमी भरतात, ३०६.३ झाले की बदलायची. पावसाळ्यात चिखलाने ती भराभर वाढली, चेन बदलली, कॉग तोच चालू आहे. ताण ठेवताना पॅडल हळूहळू फिरवून चेन जिथे सगळ्यात घट्ट होते ती जागा शोधायची आणि तिथे बोटाने वरखाली साधारण अर्धा इंच खेळ ठेवायचा. जास्त घट्ट ठेवली तर बेअरिंग जातात. जास्त सैल राहिली तर चेन उतरते आणि चाक जागीच अडकतं, ते फार वाईट.

बाकी भागांचं थोडक्यात. हँडलचा मधला व्यास २५.४, २६.० की ३१.८ ते मोजून मगच स्टेम (हँडल धरणारा तुकडा) घ्या. पॅडलचे आटे आता बहुतेक सगळे ९/१६ इंचीच असतात, त्यात अडचण नाही. पॅडलवर पाय धरून ठेवणारे पट्टे मात्र हवेतच. पाय निसटला तर पॅडल थांबत नाही आणि नडगीवर बसतं.

फ्रीव्हील (साध्या सायकलचं मागचं दातेरी चाक, पॅडल थांबलं तरी चाक फिरू देणारं) वेल्ड करून फिक्सी बनवून देणारे अजून भेटतात. त्या हबवर लॉकरिंगसाठी दुसरी पायरीच नसते, म्हणजे पायाने रोखलं की ते आख्खं फ्रीव्हील उलटं सुटायला मोकळं. स्वस्त पडतं म्हणून कॉलेजची पोरं करून घेतात. कृपया करू नका. फिक्स्ड हब आत्ता परवडत नसेल तर तोवर फ्रीव्हील ठेवून पुढे-मागे दोन्ही ब्रेक लावून चालवा, त्यात काही कमीपणा नाही.

डोणज्याच्या पुढे गड चढायचा म्हटलं तर ४६/१७ मला जड जातो. त्यासाठी १८चा कॉग आणून ठेवला आहे, आटे आणि रुंदी तीच. एक दाता वाढला की मागचा एक्सल तीनेक मिलिमीटर पुढे घ्यावा लागेल, आणि माझ्या फ्रेमच्या खाचेत तेवढी जागा आहे, म्हणजे चेन कापायची किंवा वाढवायची गरज पडणार नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत तो लावून बघणार आहे.