शाळा: पुस्तक आधी की पिक्चर आधी? (मावशी विरुद्ध भाचा)

झालं असं की माझा भाचा यंदा नववीत गेला, सुट्टीत आमच्याकडे राहायला आला आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाला, मावशी मी 'शाळा' बघितला, भारी आहे. मी म्हटलं बघितला काय, वाचायचा असतो तो! तर म्हणे पिक्चर बघितल्यावर कशाला वाचायचं, स्टोरी तर कळली. या एका वाक्यावर आमचं दोन दिवस भांडण चालू होतं. शेवटी मी पुस्तक परत वाचून काढलं, पिक्चर त्याच्यासोबत बसून परत बघितला, आणि आता दोन्हीबद्दल लिहितेय. शेवट फोडणार नाही, काळजी नको.

आधी पुस्तक. मिलिंद बोकील, मौज प्रकाशन, 2004. माझी जुनी कॉपी कोणीतरी नेली ती आलीच नाही (नेणाऱ्याला माहितीये), म्हणून नवीन ऑनलाइन मागवली. ती आली कोपरा दुमडलेली, पण पुस्तक हातात आल्यावर परत कोण करत बसणार. तीनशेच्या आसपास पानं आहेत पण एकदा बसलं की जेवायला उठवत नाही. नववीतला मुकुंद जोशी स्वतः सांगतोय, काळ आणीबाणीचा, सोबत सुऱ्या, चित्रे आणि फावड्या, आणि वर्गात शिरोडकर. गोष्ट म्हणून एवढीच, पोरगा पोरीच्या प्रेमात पडतो. माझा भाचा म्हणतो तशी ती स्टोरी खरंच दोन मिनिटांत सांगून होते.

पण मजा स्टोरीत नाहीच ना. मजा त्या जोशीच्या बोलण्यात आहे. तो सगळ्यांना मनातल्या मनात जोखत असतो, सर, बाई, आईवडील, कोणी सुटत नाही. मोठी बहीण तर त्याच्या डोक्यात अंबाबाईच असते. आणि अक्कल एवढी तरतरीत की वाटतं हा कोणालाही गुंडाळेल, आणि शिरोडकर समोर आली की तीच अक्कल पार गुल. एक वाक्य बोलायचं तर आधी शंभर हिशोब, ती कुठल्या रस्त्याने जाते, सोबत कोण असतं, आपण तिथे दिसलो तर काय कारण सांगायचं. हे सगळं त्याच्या डोक्यात चालू असतं आणि बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं, एक मुलगा रस्त्याच्या कडेला उभा आहे. बस.

पिक्चरची अडचण नेमकी इथे आहे. कॅमेऱ्याला तो उभा असलेला मुलगाच दिसतो.

आता पिक्चरला मी नावं ठेवतेय असं समजू नका. सुजय डहाकेचा पहिला सिनेमा, जानेवारी 2012 मध्ये थेटरात आला, सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि अविनाश देशपांडे निगडी यांना रूपांतरित पटकथेचाही मिळाला. म्हणजे मी ज्या गोष्टीवर कुरकुर करतेय त्याच गोष्टीला दिल्लीत बक्षीस मिळालंय, हे मला भाच्याने गुगल करून तोंडावर दाखवलं. ठीक आहे. पटकथा चांगलीच आहे, एवढं मोठं पुस्तक पावणेदोन तासांच्या आसपास बसवणं खायचं काम नाही. पण बसवताना पहिली कात्री लागते ती गप्पांना. ते चौघं अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये बसून जे काही बरळत असतात, पोरी, मास्तर, कोण कोणाला लाइन देतं, मध्येमध्ये सुऱ्याचं ते 'इचिभना' हे शिवीवजा पालुपद, पुस्तकात हे इतकं पसरलेलं आहे की तुम्ही पाचवे होऊन तिथे बसता. पिक्चरमध्ये तुम्ही पाहुणे आहात, चहा झाला की निघा. मग राहतं काय, तर जोशी आणि शिरोडकर. त्यामुळे पुस्तक अख्ख्या नववीचं आहे आणि पिक्चर त्या दोघांचा झालाय.

बरं, जिथे पिक्चर पुस्तकाला मागे टाकतो तेही सांगते, कारण हे मला या वेळी पहिल्यांदा जाणवलं. वर्गात नुसतं मान वळवून बघणं! पुस्तकात जोशी त्यावर पानभर विचार करतो, आणि इथे अंशुमन जोशीचं तोंड आणि केतकी माटेगावकरचे डोळे, तीन सेकंद, संपलं. तेवढ्यात सगळं कळतं. दोन्ही मुलं त्या वयाचीच दिसतात हे फार मोठं, नाहीतर आपल्याकडे शाळेतल्या मुलांच्या रोलमध्ये दाढी करून आलेले हिरो बघितलेत आपण. कॅमेरा दिएगो रोमेरो नावाच्या परदेशी माणसाचा आहे, आणि त्याने आपल्या साध्या गावातल्या सकाळी, शाळेच्या भिंती, सायकली अशा टिपल्यात की मला माझ्या शाळेच्या पाण्याच्या टाकीचा वास आला, खोटं नाही सांगत. जितेंद्र जोशीचा नरूमामा पण मस्त. पुस्तकातला मामा मला आता त्याच्याच आवाजात ऐकू येतो, हे काही बरोबर नाही पण झालंय.

सुऱ्या आणि त्याला आवडणाऱ्या केवड्याचं प्रकरण मात्र पुस्तकातच वाचा. पिक्चरमध्ये तो प्रसंग येतो, लागतोही, पण नंतर शाळेत जी भीती पसरते, प्रत्येकाला वाटतं आता आपलं पण काहीतरी बाहेर येणार, ती भीती पुस्तकात हळूहळू अंगावर चढते. आणि बाहेर देशात आणीबाणी असताना आत शाळेतही तोंड उघडायची सोय नाही, ही जोड बोकील कुठेही बोट दाखवून सांगत नाहीत. पिक्चरमध्ये आणीबाणी जरा भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी राहिलीय, तारीख कळावी म्हणून.

भाच्याने मग नेहमीचा मुद्दा काढला, पुस्तकच नेहमी भारी असं तुम्ही लोक म्हणताच. अजिबात नाही. मी त्याला 'सिंहासन' दाखवला. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' अशा दोन कादंबऱ्या घेऊन तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, जब्बार पटेलांनी 1979 मध्ये पिक्चर केला, आणि माझ्या मते तो दोन्ही पुस्तकांच्या एक पाऊल पुढे आहे. तिथे सगळं घडतं तेच मुळी बाहेर, फोन, बैठका, कोण कोणाच्या केबिनमध्ये शिरला. निळू फुल्यांचा दिगू पत्रकार कोपऱ्यात उभं राहून नुसता बघतो आणि आपल्याला सगळं कळतं. जोशीला तसं नुसतं उभं करून भागत नाही.

'श्यामची आई'चं पण बघा, साने गुरुजींचा श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री बसून आठवणी सांगतो, अशा बेचाळीस रात्री. अत्र्यांनी 1953 साली पिक्चर काढला, त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, आणि आमची आजी त्याचं नाव काढलं तरी डोळे पुसायची. पण बेचाळीस रात्री कुठल्याच पिक्चरमध्ये मावणार नाहीत, निवडायलाच लागतं. गंमत म्हणजे 2023 मध्ये तोच विषय परत घेतला तो सुजय डहाकेनेच, आणि तोही ब्लॅक अँड व्हाइट. या माणसाला अवघड पुस्तकांची हौसच दिसते.

'शाळा'वर 'गमभन' नाटकही आलं होतं, पण ते या भांडणात नको.

तर स्टार द्यायचेच तर पुस्तकाला पाच, पिक्चरला साडेतीन. भाचा म्हणतो चार दे, शिरोडकरसाठी. बरं चार. ज्यांनी दोन्ही केलं नाही त्यांनी आधी पुस्तक घ्या, कारण एकदा केतकीचा चेहरा डोक्यात बसला की तुमची स्वतःची शिरोडकर तुम्हाला मिळायची नाही, आणि प्रत्येकाच्या वर्गात एक असतेच की. ज्यांचा पिक्चर बघून झालाय त्यांनी मध्ये दोनेक वर्ष जाऊ द्या, मग वाचा.

भाचा जाताना पुस्तक घेऊन गेला, दुमडलेल्या कोपऱ्यासकट. वाचेल असं वाटलं नव्हतं, पण परवा बहिणीचा फोन आला, हॅलो नाही काही नाही, थेट, "हे इचिभना काय आहे गं, काय शिकवून पाठवलंस त्याला?"