वापरलेला ड्राय रॉक घेतला त्याला तेरा महिने झाले, अनुभव सांगतो

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ठाण्याला घोडबंदर रोडवर एक काका त्यांचा रीफ टँक (कोरल आणि समुद्री माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक) बंद करत होते, त्यांच्याकडून २२ किलो जुना ड्राय रॉक (टँकमध्ये रचायचा भोकाभोकांचा कोरडा दगड) ६,००० रुपयांना घेतला आणि डिकीत टाकून नेरुळला आणला. तेव्हा लिहायचं टाळलं कारण पहिल्या महिन्याचं कौतुक कुणाच्याच कामाचं नसतं. आता टँकमध्ये पाणी भरूनच नऊ महिने होऊन गेलेत म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे 'रॉक' म्हणून बरेचदा मेलेल्या कोरलच्या फांद्याच विकतात. दगडी कोरल, काळं कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल, सी फॅन हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या शेड्यूल १ मध्ये (सर्वांत जास्त संरक्षणाच्या यादीत) आहेत, २००१ मध्ये घातलेत. त्यामुळे स्वस्त मिळतंय म्हणून डोळे झाकून घेऊ नका. काकांकडे जुनं बिल होतं, रॉक जमिनीवरच्या खाणीतला होता, तेवढं बघूनच पैसे दिले.

रॉक दोन वर्षं त्यांच्या बाल्कनीत पडून होता. वरून पांढरा आणि कोरडा, पण बादलीत पाणी टाकून रात्रभर ठेवला तर सकाळी असा वास की बायको म्हणाली हे घरात नको. बरोबरच होतं तिचं. भोकाभोकांत मेलेले स्पंज, किडे, शेवाळ वाळून बसलेलं असतं. सेक्रेटरी काकांना विचारून टेरेसवर दोन निळी पिंपं ठेवली आणि वर लहान मुलं येतात म्हणून दाराला कुलूप लावायचं ठरलं.

स्क्रू ड्रायव्हर आणि ताठ ब्रश घेऊन दोन रविवार नुसतं खरवडण्यात गेले, जुनी इपॉक्सी, किड्यांच्या नळ्या सगळं काढलं. हे करताना जाड हातमोजे आणि गॉगल घाला. आणि कुणी सांगितलं की उकळून घे, तर अजिबात ऐकू नका. जुन्या रॉकवर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (कोरलसारखे मऊ जीव) होते की नाही हे आपल्याला कळत नाही, त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं, ते वाफेबरोबर छातीत गेलं तर घरातली सगळी माणसं हॉस्पिटलात जाऊ शकतात. शिवाय आत हवा अडकलेली असेल तर दगड फुटतो.

मग ब्लीच. हाउसकीपिंगचं सामान मिळतं तिथलं साधं सोडियम हायपोक्लोराइट, सुगंध न घातलेलं, त्यात साबण नसलेलं. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, आत जुना पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप), पिंपावर झाकण कारण उन्हात ब्लीच लवकर मरतं. सात दिवसांत पाणी चहासारखं झालं, ओतून परत नवीन केलं, दुसऱ्या वेळी बऱ्यापैकी नितळ राहिलं. नंतर तीन वेळा धुतलं आणि माशांच्या दुकानात अँटीक्लोरीनचे खडे मिळतात ते टाकले, तेच सोडियम थायोसल्फेट. शेवटी ऑक्टोबरच्या उन्हात आठवडाभर वाळवला. पावसाळ्यात हे करायला जाल तर वाळणारच नाही हेही लक्षात घ्या.

वाळवण्यावर एवढा भर देतोय कारण पुढचं काम ॲसिडचं. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, तो जीवावर बेततो. ब्लीचचा वास पूर्ण गेल्याशिवाय ॲसिडची बाटली टेरेसवर आणूसुद्धा नका. मोरी धुवायचं ॲसिड पिवळट असतं, त्यात लोखंडाचे अंश असतात म्हणून ते टाळलं आणि तुर्भ्याच्या एका केमिकलवाल्याकडून बिनरंगाचं हायड्रोक्लोरिक आणलं. पाण्यात ॲसिड टाकायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. दहा भाग पाण्याला एक भाग ॲसिड, पंधरा-वीस मिनिटं जोरात फसफसतं, तो कार्बन डायऑक्साइड. वरचा पातळ थर विरघळतो आणि त्या थरात मुरलेला फॉस्फेटही (शेवाळाचं खत) जातो. बाहेर काढल्यावर दगड नव्यासारखा दिसत होता.

आणि इथेच मी चुकलो. नव्यासारखा दिसला म्हणून झालं असं धरून चाललो. पिंपात खारं पाणी केलं, ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), आरओ-डीआयचं म्हणजे पूर्ण गाळलेलं, शून्य टीडीएसचं पाणी, आणि फॉस्फेट मोजला. हॅनाचा अल्ट्रा लो रेंज चेकर (फॉस्फेट मोजायचं छोटं यंत्र) ०.९० पीपीएमच्या वर वाचतच नाही, आकडा लुकलुकत राहिला, मग अर्धं ताजं खारं पाणी मिसळून मोजलं तर ०.७ म्हणजे मूळ १.४ च्या आसपास! मग फॉस्फेटचा गाळ करणारं लँथॅनम क्लोराइड थेंबथेंब सोडलं, पाणी दुधाळ होतं, गाळ फिल्टर सॉकमध्ये (गाळायच्या पिशवीत) धरायचा, हे सगळं पिंपातच, मासे असलेल्या टँकमध्ये नाही. असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा पाणी बदलल्यावर दोन दिवसांनी ०.१२ आलं आणि मी खूश होऊन जानेवारीच्या शेवटी रॉक टँकमध्ये रचला.

दोन दिवस पुरत नाहीत. फॉस्फेट दगडाच्या आत खोलवर चिकटलेला असतो आणि बाहेरच्या पाण्यात कमी झाला की आतून हळूहळू सुटत राहतो. टँकमध्ये तीन आठवड्यांत ०.४० झाला, एकही मासा नव्हता, खाणं टाकत नव्हतो, म्हणजे तो सगळा रॉकमधलाच. पिंपात निदान दहा दिवस न छेडता ठेवून मग मोजायला हवं होतं. परत काढून पिंपात टाकायची हिंमत झाली नाही कारण तोवर सायकल (अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वाढवणं) सुरू झाली होती, २ पीपीएम अमोनिया अमोनियम क्लोराइडने दिला होता आणि बाटलीतले बॅक्टेरिया टाकले होते. अमोनियातून बनणारा नायट्राइट शून्यावर यायला पाच आठवडे लागले.

मार्चमध्ये तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ), ते आपोआप गेले. एप्रिल ते जुलै हिरवं केसाळ शेवाळ, आणि हे सोपं नव्हतं. दर रविवारी हाताने उपटायचं, फॉस्फेट शोषणारी फेरिक ऑक्साइडची मीडिया महिन्यातून दोनदा बदलायची, सहा टर्बो स्नेल (शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी). आई रोज टँकसमोर बसून म्हणायची, अरे दगडांना दाढी आलीय. मे महिन्यात एकदा खरंच वाटलं सगळं काढून टाकावं. ऑगस्टपासून मीडिया लवकर संपेनाशी झाली, तेव्हा कळलं की आतला साठा आता आटतोय.

आत्ताचे आकडे: फॉस्फेट ०.०६ पीपीएम, नायट्रेट ८ पीपीएम, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसायची ताकद) ८.५ डीकेएच. १६ किलो रॉक आहे २५० लिटरमध्ये. कोरॅलाइन या कडक शेवाळाचे जांभळे ठिपके सप्टेंबरमध्ये दिसले, तेही स्नेलच्या शंखावरून पसरले, ड्राय रॉकमध्ये जिवंत काहीच नसतं त्यामुळे ते बाहेरूनच येणार. त्याचा फायदाही तेवढाच, आजपर्यंत एकही ऐप्टेशिया (टँकमध्ये पसरणारं त्रासदायक समुद्रफूल) नाही. दोन क्लाउनफिश, झोअँथिड आणि मशरूम कोरल मजेत आहेत.

पैशाचं खरं सांगतो. ६,००० रॉक, त्यावर ब्लीच, ॲसिड, लँथॅनम, पिंपातल्या पाण्याचं मीठ आणि वर्षभराची मीडिया धरून साडेदहा हजारांच्या पुढे गेलो. तेव्हा नवीन रॉकचा भाव मला किलोला साडेपाचशे सांगितला होता, म्हणजे साधारण बारा हजार. तेवढ्या बचतीसाठी हे करू नका. मी परत केलं तर आकारांसाठी करीन, काकांच्या रॉकमध्ये दोन मोठ्या कमानी आहेत, मधून मासे आरपार जातात, तशा नवीन खोक्यात मला कधीच मिळाल्या नाहीत.

उरलेला सहा किलो अजून टेरेसवरच्या पिंपात आहे, खाऱ्या पाण्यात पॉवरहेड लावून. मागच्या रविवारी पंधरा दिवसांनी मोजलं, ०.०५ आलं. ते पाणी ओतून नवीन भरलंय, आता पुढचे पंधरा दिवस हात लावणार नाही.