न हलणारा 78 चा आकडा: हर्मिट क्रॅबच्या 'फुल सेट'मध्ये माझे 14,029 रुपये गेले

चौदा हजार एकोणतीस रुपये. हा आकडा मी घरात सासूबाईंना अजून सांगितलेला नाही. लाज वाटते. तरीही लिहितेय, कारण मला हे शंखात राहणारे पाळीव खेकडे, म्हणजे हर्मिट क्रॅब, टाकीसकट विकणारा माणूस आता दुसऱ्या नावानं तेच फोटो टाकतोय आणि त्याखाली मिरजेचे, कराडचे लोक किंमत विचारतायत.

आधी हिशेब. काचेची टाकी, ती गरम ठेवणारी विजेची हीट मॅट, तापमान आणि आर्द्रता दाखवणारा डिजिटल मीटर, नारळाचा भुसा, 'समुद्री मीठ' आणि रंगवलेले शंख मिळून 6,450. चार खेकडे, प्रत्येकी 650 प्रमाणे 2,600. पोचवायचे 480. नंतर पाण्याचा फवारा मारणारं ऑटोमॅटिक मशीन 2,999, जे आलंच नाही. आणि गॅरंटी वाढवायचं 'परत मिळणारं' डिपॉझिट 1,500. सगळं यूपीआयनं. आधी अर्धे द्या, मग पार्सल निघाल्याचा फोटो, मग उरलेले द्या. पद्धत तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक होती. पण व्हिडिओ कॉलवर त्यानं टाक्यांची रांग दाखवली, खेकडे हातावर चालवून दाखवले, लेकीच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. त्यावर कुणाचाही विश्वास बसला असता.

खेकडे आपल्या रत्नागिरीच्या फार्मवर पैदा केलेले आहेत, असं तो म्हणाला. हे खोटं आहे, एवढं तरी लक्षात ठेवा. जमिनीवरच्या हर्मिट क्रॅबची पिल्लं अंड्यातून समुद्रात निघतात, तिथंच तरंगत वाढतात आणि मग किनाऱ्यावर येतात. बाजारात विकायला येतात ते जवळपास सगळे किनाऱ्यावरून उचललेले असतात. 'फार्मचा माल' म्हणणाऱ्याचा फोन तिथंच ठेवा.

आता मूळ गोष्ट. हा प्राणी राहतो जमिनीवर, पण श्वास घेतो कल्ल्यांनी. कल्ले ओलसर राहिले तरच त्याला हवेतला प्राणवायू घेता येतो. म्हणून टाकीत आर्द्रता 75 ते 80 टक्के आणि उष्णता 24 ते 29 अंश लागते. हवा कोरडी पडली की तो आतल्या आत गुदमरत जातो, आणि बाहेरून दिसतं एवढंच की तो हल्ली फारसा हलत नाही. आमच्या सांगलीत चैत्रातली दुपार कशी असते ते सांगायला नको. ओठ फुटतात. अशा हवेत त्यानं मला जाळीचं झाकण असलेली टाकी दिली. जाळीतून ओलावा थांबतो होय? काचेचं झाकण हवं, नसेल तर जाळीवर प्लॅस्टिक ताणून बसवा.

हीट मॅट त्यानं टाकीच्या खाली लावायला सांगितली, चोवीस तास चालू. मी विचारलं, उन्हाळ्यात कशाला? म्हणाला, "ताई, रात्री टेंपरेचर पडतं, खेकड्याला सोसत नाही." चोविसाच्या खाली जाऊ नये हे मी वाचलं होतं, म्हणून पटलं. खरं असं आहे की हे खेकडे कात टाकायला वाळूत खोल पुरून घेतात. खालून मॅट लावली तर तेच भाजतात आणि वाळू तळापासून सुकते. मॅट लावायचीच तर टाकीच्या मागच्या बाजूला, वाळूच्या पातळीच्या वर, आणि थर्मोस्टॅटसकट, म्हणजे ठरलेल्या उष्णतेला ती आपोआप बंद करणाऱ्या यंत्रासकट. आमच्या मॅटला थर्मोस्टॅट नव्हता. शिवाय पाणी न वाढवता नुसती हवा तापवली की आर्द्रतेचा आकडा खालीच येतो.

आणि तो मीटर. पहिल्या दिवसापासून आर्द्रता 78. सकाळी 78, रात्री 78. एका दुपारी लेकीनं पाणी बदलायला झाकण काढलेलं, वर पंखा गरगरतोय, तरी 78. मी मीटर गॅलरीत नेऊन उन्हात धरला. 78! त्याला व्हिडिओ पाठवला तर म्हणे, "स्वस्तातले मीटर नाचतात ताई, हा प्रोफेशनल सेन्सर आहे, ॲव्हरेज दाखवतो." मी हळदीच्या अडतीत हिशेब बघते. मालात ओलावा किती यावर भाव ठरताना रोज बघते. ओलाव्याचा आकडा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे, आणि मलाच ओलाव्यात फसवलं, याचा संताप अजून जात नाही. पण एक सांगते. त्याच मीटरवर तापमानाचा आकडा नीट खालीवर व्हायचा. एक आकडा खरा ठेवून दुसरा गोठवलेला. असल्या यंत्रावर शंका घ्यायची कशी?

तरी एक जागा होती. एक खेकडा सुस्त पडला तेव्हा तो म्हणाला, ओलावा कमी पडतोय, 2,999 चं मशीन घ्या. मीटर 78 दाखवतोय आणि ओलावा कमी पडतोय, दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? तिथं थांबायला हवं होतं. मी हे त्याला विचारलंही. "मीटर वरची हवा दाखवतो, वाळूजवळ कोरडं असतं," हे उत्तर त्याच्या तोंडात तयारच होतं. बाजूला लेक रडत होती. पैसे पाठवले.

मीटर आला की आधी मिठाची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात थेंब थेंब पाणी, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच. ते आणि मीटर एका बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा 75 च्या आसपास हवा. नसेल तर जितका फरक, तितका मीटर चुकतोय. मी नंतर दुसरा मीटर आणून, त्याची अशी परीक्षा घेऊन टाकीत ठेवला तेव्हा 41 निघाले.

सगळ्यात नीच प्रकार पुढचा. पहिला खेकडा शंखातून अर्धा बाहेर येऊन वाळूवर पडला, तेव्हा तो म्हणाला, कात टाकतोय, सहा आठवडे हात लावू नका. कात टाकताना ते महिना महिना हलत नाहीत हे खरंच आहे, आणि त्या खऱ्याच्याच आडून त्यानं पंधरा दिवसांची गॅरंटी संपवली. संपत आली तेव्हा 1,500 डिपॉझिट मागितलं. वास यायला लागला तर म्हणे, तो येतोच. येत नाही! टाकलेली कात पोकळ आणि हलकी असते. कुजक्या मासळीचा वास म्हणजे खेकडा मेला. तीन मेले. मग नंबर ब्लॉक.

पुढं तक्रार. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकलं, "मॅडम, खेकडे होते तर रस्सा करायचा." शेजारचे दोघे हसले. मग म्हणाले, हा व्यवहाराचा वाद आहे, फसवणूक नाही. मग, पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला आहे, तिकडं जा. मी सांगितलं की 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 173 मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. त्यावर, साहेब आल्यावर या. साहेब आले तर, रक्कम लहान आहे, सायबरवाल्यांना भेटा. सायबरवाले म्हणाले, उशीर झाला, पैसे खात्यातून पुढं गेले. उशीर का झाला? सहा आठवडे थांबा असं त्यानं सांगितलं म्हणून! बँकेत गेले तर, पिन तुम्हीच टाकलाय. खोटा मीटर पुराव्याला टेबलावर ठेवला, तो कुणी उचलूनसुद्धा बघितला नाही. एका कागदावर पोच मिळावी म्हणून मी अर्धा दिवस बाकावर बसले. चौदा हजार ही माझ्या घरात लहान रक्कम नाही.

तुम्ही थांबू नका. शंका आली त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधीच अडवता येतात. ग्राहक आयोगाकडं 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मी ती केली आहे. विक्रेत्याचा खरा पत्ता मागतायत, तो मी कुठून आणू?

'समुद्री मीठ' म्हणून आलेलं पाकीट साधं खडे मीठ होतं. खाऱ्या पाण्याच्या फिशटँकसाठी मिळतं तेच मीठ लागतं, आणि नळाचं पाणी क्लोरीन काढूनच. रंगवलेले शंख टाकून द्या, रंगाचे पोपडे ते खातात. चौथा खेकडा जिवंत आहे. काचेचं झाकण, मॅट बंद, ओल्या वाळूत भुसा, गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या दोन वाट्या, आर्द्रता 79.

सांगली, मिरज, तासगाव, कराडकडं ज्यांच्याकडं काळ्या चौकटीचा, आर्द्रता 78 वरच अडकलेला मीटर असेल, त्यांनी तो फेकू नका. पंख्याखाली ठेवून व्हिडिओ काढा, यूपीआयच्या पावत्या आणि बोलणं जपून ठेवा आणि मला कळवा. एकाची तक्रार ते टेबलावरून सरकवून देतात. पाच-सहा जणांची एकत्र नेली तर साहेबांना ती वाचावी लागेल.