चित्रफितींच्या हिशेबाने लावलेली मिडलवेट क्रमवारी

जुन्या मुष्टियुद्धांच्या चित्रफिती दाखवणाऱ्या एका परदेशी सशुल्क सेवेचा मी गेले तीन महिने वर्गणीदार आहे. पुढे तिच्याविषयी तक्रारीही आहेत, म्हणून तिचे नाव घेत नाही. वर्गणी भरण्याचे मुख्य कारण होते तिच्यावरची ‘सर्वश्रेष्ठ दहा मिडलवेट’ ही क्रमवारी. मिडलवेट म्हणजे १६० पौंडांचा, आपल्या हिशेबाने सुमारे साडेबहात्तर किलोंचा गट. हेवीवेटची ताकद आणि हलक्या गटांची चपळाई एकाच देहात पाहायची असेल, तर ती याच गटात सापडते, असे माझे जुने मत आहे. प्रत्येक नावाखाली त्या खेळाडूच्या निवडक लढती दिलेल्या असल्यामुळे क्रम पटतो की नाही, हे आपल्या डोळ्यांनी ताडून पाहता येते, आणि ही सोय खरोखर उत्तम आहे.

पहिल्या क्रमांकावर शुगर रे रॉबिन्सन आहे. १९५१ ते १९५८ या काळात त्याने या गटाचा जागतिक किताब पाच वेळा जिंकला. १ मे १९५७ रोजी शिकागोत जीन फुलमरशी झालेली त्याची लढत या संग्रहात स्वच्छ स्वरूपात आहे, आणि तिची पाचवी फेरी मी किती वेळा मागे नेऊन पाहिली, याचा हिशेब ठेवलेला नाही. फुलमर पुढे रेटत येतो, रॉबिन्सन मागे सरतो, आणि मागे सरता सरताच डाव्या हाताचा एक आखूड हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, फुलमरच्या जबड्यावर बसतो. ज्याला तोवर कोणी नॉकआऊट केले नव्हते, तो गडी दहा आकडे मोजून होईपर्यंत उभा राहू शकत नाही. साधारणपणे ठोशाला जोर येतो तो पाऊल पुढे टाकल्यावर; इथे वजन मागच्या पायाकडे जात असतानाही तो कुठून आला, हे चित्रफीत संथ गतीने लावल्याशिवाय कळत नाही. संथ गतीचे बटण या सेवेत आहे, एवढ्यासाठी मी तिला अर्धे गुण आधीच देऊन टाकतो.

दुसऱ्या क्रमांकावर मार्विन हॅगलर आहे, आणि माझा मतभेद इथून सुरू होतो. १५ एप्रिल १९८५ रोजी लास वेगासमध्ये त्याने टॉमी हर्न्सशी जी लढत दिली, तिच्या पहिल्या फेरीची तीन मिनिटे पाहताना श्वास घ्यायला सवड मिळत नाही. तिसऱ्या फेरीत हॅगलरच्या कपाळावरची जखम तपासण्यासाठी पंचांनी लढत थांबवली. डॉक्टरांनी परवानगी देताच हॅगलरने काही क्षणांत सामना निकाली काढला. हे सारे मान्य आहे. पण कार्लोस मोंझोनने ७ नोव्हेंबर १९७० रोजी रोममध्ये, तेव्हाचा विजेता, इटलीचा नीनो बेनव्हेनुती याच्या घरच्या प्रेक्षकांसमोर, बाराव्या फेरीत किताब मिळवला, नंतर तो चौदा वेळा राखला आणि १९७७ मध्ये विजेता म्हणूनच निवृत्त झाला. त्याला या क्रमवारीत पाचवे स्थान का, याचे उत्तर मला संग्रहातच सापडले. हॅगलरच्या लढती रंगीत आणि लखलखीत आहेत, मोंझोनच्या मात्र धूसर. लांब हातांनी अंतर राखत प्रतिस्पर्ध्याला थकवत नेण्याची त्याची थंड पद्धत अशा चित्रणात कंटाळवाणी दिसते, आणि क्रम लावणाऱ्याने तो दोष खेळाडूच्या माथी मारला आहे. माझ्या मते मोंझोन हॅगलरच्या एक पायरी वर हवा. वीस वेळा किताब राखणारा बर्नार्ड हॉपकिन्स चौथा आहे, त्याबद्दल माझी हरकत नाही.

खरी हरकत आहे ती हॅरी ग्रेबचे नाव दहांत कुठेच नसण्याला. १९२३ ते १९२६ या काळात विजेता असलेला, जवळपास तीनशे लढती खेळलेला आणि त्यातल्या कित्येक एका डोळ्याची दृष्टी गेलेली असताना खेळलेला हा पिट्सबर्गचा गडी. मे १९२२ मध्ये त्याने आपल्याहून वजनदार असलेल्या जीन टनीला पंधरा फेऱ्यांत हरवले. टनी पुढे हेवीवेट विजेता झाला, आधीचा विजेता जॅक डेम्प्सी याला दोनदा हरवून विजेता म्हणूनच निवृत्त झाला, आणि अख्ख्या कारकिर्दीत त्याचा पराभव झाला तो एवढाच. पण ग्रेबच्या एकाही लढतीचे चित्रण आज उपलब्ध नाही. त्या काळी अनेक लढतींचा अधिकृत निकालही दिला जात नसे, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बातमीदार जे लिहील तोच निवाडा. जे दाखवता येत नाही ते या सेवेने मोजलेच नाही. याउलट स्टॅन्ली केचेल नववा आहे. तो मोठा खेळाडू होता यात शंका नाही, पण त्याच्या नावाखाली ठळकपणे लावलेली चित्रफीत १९०९ सालची, हेवीवेट विजेता जॅक जॉन्सनने त्याला नॉकआऊट केल्याची आहे. म्हणजे वरच्या गटातल्या पराभवाचे चित्रण असलेला माणूस यादीत, आणि वरच्या गटातल्या विजयाचे चित्रण नसलेला माणूस यादीबाहेर.

किरकोळ दोषही आहेत. मूकपटाच्या काळातल्या चित्रफितींचा वेग दुरुस्त केलेला नाही, त्यामुळे मुष्टियोद्धे कळसूत्री बाहुल्यांसारखे तुरुतुरु हलतात. त्यावर प्रेक्षकांचा गलका मागाहून चिकटवला आहे आणि तो बंद करण्याची सोय नाही. शोधही धड चालत नाही, नावातले एक अक्षर चुकले तरी समोर काहीच येत नाही.

ग्रेबच्या सरावाचे थोडेसे चित्रण मात्र शिल्लक आहे. ते तरी संग्रहात घ्यावे, असे मी या सेवेला कळवले, तेव्हा ‘आम्ही फक्त लढती ठेवतो’ असे दोन ओळींचे उत्तर आले. तूर्त चौथ्या महिन्याची वर्गणी मी भरली आहे, कारण मोंझोनच्या चौदापैकी सहा लढती अजून पाहायच्या राहिल्या आहेत.