इथेरियम की टेझोस: वेळ कुठे घालायचा?

ब्लॉकचेनच्या ओपन सोर्स कामात उतरायचं म्हटलं की पोरं आधी विचारतात, कुठली भाषा शिकू? वालचंद कॉलेजच्या पोरांना मी उलटं सांगतो: आधी तिथले नियम कोण बदलतं ते बघा. भाषा काय, महिन्या-दोन महिन्यांत येते. इथेरियम आणि टेझोस ही दोन ब्लॉकचेन नेटवर्कं त्याच नजरेनं बघू, बिटकॉइन इथे धरत नाही. तिथे 2021 च्या टॅपरूट अपग्रेडनंतर मोठा बदल झालेलाच नाही, नवख्याला वाट बघण्यापलीकडे फारसं काम नाही.

कागदावर टेझोस उजवं आहे, हे आधीच कबूल करतो. प्रस्ताव थेट कोडसकट येतो, पाच टप्प्यांतून जातो, सगळं मिळून अडीचेक महिने लागतात. गणसंख्या भरली आणि 80 टक्के कौल मिळाला की नेटवर्क आपलं आपण बदलतं, फाटाफूट नाही. मे 2019 पासून असंच चाललंय. अपग्रेडना शहरांची नावं देतात. मार्च 2023 मध्ये 'मुंबई' झालं, पुढे एस अक्षराला 'सोल' आलं. आमचं सोलापूर थोडक्यात हुकलं!

इथेरियममध्ये असं मतदानच नाही. ईआयपी, म्हणजे बदलाचा प्रस्ताव, लिहायचा आणि गिटहब या कोडच्या साइटवर टाकायचा. संपादक फक्त मांडणी तपासतात, गुण-दोषांत पडत नाहीत. मग क्लायंट, म्हणजे नेटवर्क चालवणारं सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्या टीम गुरुवारच्या कॉलवर चर्चा करतात आणि कुणाचा ठोस विरोध उरला नाही की गाडी पुढे सरकते. निर्णय नक्की कोणत्या क्षणी झाला, हे पुष्कळदा नंतरच कळतं. कॉल आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असतो, आणि आमच्या भागात पाण्याची पाळी नेमकी तेव्हाच. अर्धी चर्चा मी मोटर चालू ठेवून ऐकलेली आहे.

तरी माझा कल इथेरियमकडे गेला, तो एका गोष्टीमुळे. टेझोसवर स्वतः बेकर (ब्लॉक तयार करणारा आणि मत देणारा) व्हायला 6000 टेझ (तिथली नाणी) लागतात. माझ्याकडे तेवढे कुठले? म्हणून होते ते एका बेकरकडे डेलिगेट केले, म्हणजे त्याच्या नावे जोडले. नाणी माझ्याच वॉलेटमध्ये राहिली, पण मताचं वजन बेकरच्या खात्यात गेलं. पुढच्या एका अपग्रेडमधली एक तरतूद मला पटत नव्हती, बाकीच्या चांगल्या होत्या. पण मत अख्ख्या गठ्ठ्यावर: हो, नाही किंवा तटस्थ. मतदानाच्या पानावर बेकरच्या पत्त्यासमोर 'हो' उमटलेलं दिसलं आणि त्या आकड्यात माझेही टेझ मोजलेले. बेकर बदलायला गेलो, तर वजन टप्पा सुरू होतानाच ठरतं, मधे बदलून त्या टप्प्यापुरता उपयोग शून्य. बेकरला लिहिलं, उत्तर नाही. मित्राला सांगितलं तर म्हणाला, "मग मत कुणाचं बे?" सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत मागच्या रांगेतून 'मंजूर, मंजूर' येतं ना, तसं, फक्त इथे आवाज माझ्या नावावर दुसऱ्यानं दिलेला.

पोल्काडॉट या तिसऱ्या नेटवर्कवर ही अडचण नाही, स्टेकिंग (नेटवर्क राखायला नाणी तारण ठेवणं) आणि मत तिथे वेगळं राहतं. पण टोकन जास्त काळ अडकवले की मताचं वजन सहापटीपर्यंत जातं. म्हणजे पुन्हा ज्याच्याकडे अडकवायला पैसा आहे, त्याचीच चलती.

इथेरियमवर माझ्या नाण्यांना किंमत नाही, पण मुद्द्याला आहे, निदान मला तरी तसं वाटलं. 3074 क्रमांकाचा ईआयपी एप्रिल 2024 मध्ये पेक्ट्रा अपग्रेडसाठी स्वीकारला गेला होता. त्यावर आक्षेप आले, वाद झाला आणि पुढच्याच महिन्यात त्याच्या जागी 7702 आला. तोच मे 2025 मध्ये लागू झाला. ठरलेली गोष्ट वादातून अशी फिरलेली मी टेझोसवर पाहिली नाही. तिथे पडलेला प्रस्ताव सुधारून परत येतो, 'ऑक्सफर्ड'चं तसंच झालं, पण त्यासाठी अख्खी फेरी पुन्हा.

अर्थात, क्लायंट टीमच्या माणसांचा शब्द नवख्यापेक्षा जड असतो, हे नाकारत नाही. शिवाय सगळं इंग्रजीत आणि तेही भरभर. ज्याला वेळ कमी आहे, तारखा ठरलेल्या आवडतात, त्यानं टेझोस घ्यावं. फक्त डेलिगेट करण्याआधी त्या बेकरनं मागच्या मतदानांत काय केलं ते बघा, सगळं उघड दिसतं. दर वेळी 'तटस्थ' दिसलं तर पुढचा शोधा.

बाकीच्यांनी इथेरियमच्या एखाद्या मसुद्यातल्या सुरक्षेच्या विभागापासून सुरुवात करावी. तो भाग लिहिणं सक्तीचं आहे, आणि घाईत लिहिलेला असला तर शंका काढायला तिथेच जागा सापडते.